काळा चेहरा, पांढरी मतं : एका जाहिरातीचा हिशेब

निवडणूक हरलो की आपल्या वस्तीत एक वाक्य ठरलेलं असतं. "त्यांनी बदनामी केली, म्हणून पडलो." जिंकलो तर वाक्य उलटं होतं. "आपण त्यांची पोल खोलली, म्हणून आलो." दोन्ही वाक्यं निकाल लागल्यावर जन्माला येतात. निकाल आधी, कारण मागून. मित्रांनो, ह्याला विचार म्हणत नाहीत. ही मनाची समजूत झाली.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. धागा तुटला की पहिली शिवी कामगाराला. पण धागा कशानंही तुटतो. कापसातला तंतू आखूड असला तर तुटतो, खात्यातली हवा कोरडी पडली तर तुटतो, मालकानं स्पीड वाढवला तर तुटतो. कुठल्या पाळीला, कुठल्या साच्यावर, किती वेळा तुटला हे लिहून ठेवलं तरच खरं कारण हाती लागतं. नाहीतर शिवी तेवढी राहते आणि धागा उद्याही तुटतो. प्रचाराचंही तसंच आहे. बदनामीची जाहिरात किती चालली हे ठरवायचं तर आधी मोजायला शिकलं पाहिजे.

ह्यासाठी मी अमेरिकेचं उदाहरण घेतो. कुणी म्हणेल, आपलं सोडून तिकडं कशाला? तर तिकडचा काळा माणूस आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि काळ्या समाजाच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. आणि बदनामीच्या जाहिरातीचा जेवढा अभ्यास तिकडे झाला तेवढा दुसरीकडे क्वचितच झाला असेल. तेव्हा त्यांचं वाचायचं आणि आपल्याला लावून बघायचं.

१. गाजली म्हणजे चालली नव्हे

७ सप्टेंबर १९६४. एनबीसी ह्या टेलिव्हिजन कंपनीवर सिनेमा चालू होता. मध्येच एक लहान पोरगी दिसते. फुलाच्या पाकळ्या तोडत आकडे मोजते, चुकते, पुन्हा मोजते. मग एका पुरुषाचा करडा आवाज उलटे आकडे मोजतो. पोरीच्या डोळ्यात कॅमेरा शिरतो आणि अणुबॉम्ब फुटतो. शेवटी मत जॉन्सनला द्या, एवढंच. समोरचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर. त्याचं नावसुद्धा नाही. पण बघणाऱ्याला कळलं, की हा माणूस निवडून आला तर बॉम्ब टाकील.

पैसे भरून ही जाहिरात एकदाच दाखवली गेली. पुढं बातम्यांनी ती फुकटात दाखवली. आज साठ वर्षांनंतरही बदनामीच्या जाहिरातीचं नाव निघालं की पहिलं नाव हिचं. जॉन्सन ६१ टक्के मतं घेऊन आला. मग चालली ना जाहिरात?

थांबा. जॉन्सन जाहिरातीच्या आधीच चाचण्यांमध्ये लांब पुढं होता. केनेडीच्या खुनाला वर्ष झालं नव्हतं, लोकांना तिसरा अध्यक्ष नको होता. जो गडी अर्ध्या मैलानं पुढं आहे त्याला मागून कुणी ढकललं, तर तो ढकलल्यामुळं जिंकला असं कसं म्हणायचं? दुसरं बघा. गोल्डवॉटरनं जी सहा राज्यं जिंकली त्यात एक त्याचं स्वतःचं ॲरिझोना. बाकीची पाच खोल दक्षिणेतली : मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना. त्यानं त्याच वर्षी नागरी हक्काच्या कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. मिसिसिपीत त्याला ८७ टक्के मतं पडली. तिथल्या बहुसंख्य काळ्यांना मतदार यादीत नावच घालू दिलं जात नव्हतं. मत फक्त गोऱ्यांचं, आणि गोऱ्यांचं मत जातीवर ठरलेलं. तिथं बॉम्बची भीतीही कामाला आली नाही.

म्हणून पहिला धडा. जाहिरात लक्षात राहणं वेगळं आणि मत फिरणं वेगळं. आपण लक्षात राहिलेल्या गोष्टीला कारण म्हणून मोकळे होतो.

२. फर्लोवर सुटलेला माणूस

आता मूळ गोष्टीकडं येतो. साल १९८८. रिपब्लिकन पक्षाचा जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट मायकेल डुकाकिस. डुकाकिस मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर. त्या राज्यात कैद्यांना फर्लो मिळायची, जशी आपल्याकडं मिळते. ही योजना १९७२ साली सुरू झाली तेव्हा गव्हर्नर रिपब्लिकन होता. पण खुनाच्या जन्मठेपवाल्यांना फर्लो बंद करणारं बिल १९७६ साली डुकाकिसनं अडवलं, हेही खरं.

विल्यम हॉर्टन हा काळा माणूस खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत होता. जून १९८६ मध्ये फर्लोवर सुटला आणि परतला नाही. एप्रिल १९८७ मध्ये मेरीलँड राज्यात एका घरात घुसून त्यानं माणसाला भोसकलं, बाईवर बलात्कार केला. गुन्हा भयानकच होता. त्यावर पांघरूण घालायची आपल्याला गरज नाही. लॉरेन्स गावच्या पेपरनं ह्या फर्लोचा पिच्छा पुरवला आणि १९८८ चं पुलित्झर मिळवलं. एप्रिल १९८८ मध्ये खुनी जन्मठेपवाल्यांची फर्लो बंदही झाली. म्हणजे प्रश्न सुटला होता. प्रचार तिथून पुढं सुरू झाला.

२१ सप्टेंबर १९८८ पासून बुशच्या बाजूच्या एका स्वतंत्र गटानं केबलवर जाहिरात लावली. बुशचा फोटो, डुकाकिसचा फोटो, मग हॉर्टनचा. काळा, दाढी वाढलेला, पोलिसांनी काढलेला फोटो. आवाज सांगतो की बुश फाशीच्या बाजूनं, डुकाकिस खुन्यांना शनिवार-रविवारची सुट्टी देतो. तो माणूस स्वतःला विल्यम म्हणायचा. प्रचारानं त्याला विली केलं. आपल्याकडं सदाशिवचा सद्या होतो आणि गंगारामचा गंग्या होतो, ती रीत इथंही ओळखू येते. काळा हा शब्द जाहिरातीत एकदाही नाही. गरजच नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बुशच्या प्रचारकचेरीनं स्वतःची अधिकृत जाहिरात काढली. कैदी एका फिरत्या दारातून आत जातात, बाहेर येतात. त्यात हॉर्टन नाही. आवाज म्हणतो की खुन्यांना सुट्ट्या दिल्या, आणि पडद्यावर अक्षरं येतात : २६८ पळाले. बघणारा काय समजणार? २६८ खुनी पळाले. कॅथलीन हॉल जेमिसन ह्या बाईंनी नंतर हिशेब मांडला. त्या २६८ मध्ये पहिल्या दर्जाच्या खुनाचे गुन्हेगार फक्त चार होते. दोन वाक्यं आपापल्या जागी बरोबर ठेवायची आणि त्यांच्या मधल्या फटीत खोटं पेरायचं. ही कारागिरी तिकडची असली तरी आपण ती रोज मोबाईलवर बघतो.

निकाल लागला. बुश ५३ टक्के, डुकाकिस ४५ च्या वर. जगभर लिहिलं गेलं, हॉर्टननं डुकाकिसला पाडलं.

आता आपला हिशेब. जुलैच्या अखेरीस एका चाचणीत डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढं होता. ऑगस्टच्या मध्याला बुशच्या पक्षाचं अधिवेशन झालं आणि ऑगस्ट संपायच्या आत बुश पुढं गेला. केबलवरची जाहिरात आली २१ सप्टेंबरला. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ढग आला काय? ह्यावर कुणी म्हणेल, मग जाहिरातीचा काहीच संबंध नाही. तेही घाईचं. कारण फर्लोचा हल्ला जाहिरातीच्या खूप आधी सुरू झाला होता. मे महिन्यात न्यू जर्सीतल्या पॅरामस गावी बुशच्या माणसांनी काही मतदारांना खोलीत बसवून फर्लोची गोष्ट सांगून बघितली. हे मतदार डुकाकिसकडं झुकलेले होते. त्यातले निम्म्याच्या आसपास लोक डळमळले. जूनपासून बुश भाषणांत फर्लो बोलायला लागला. त्याच्या जोडीला राष्ट्रनिष्ठेच्या शपथेचा वाद होता, देशाची चालू अर्थव्यवस्था बरी होती, रेगन लोकप्रिय होता. धागा तुटायला किती कारणं ती बघा.

तेव्हा इमानदारीनं एवढंच म्हणता येतं, की हल्ल्यानं काम केलं असावं, पण ती एक जाहिरात म्हणजे हल्ला नव्हे. जाहिरात हल्ल्याचं शेवटचं टोक होती. आपण टोक बघतो, दांडा बघत नाही.

आपल्याकडचंच बघा. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा आल्या, महायुतीला १७. हरलेले म्हणाले, संविधान बदलणार ह्या फेक नॅरेटिव्हनं पाडलं. जिंकलेले म्हणाले, संविधानाच्या मुद्द्यानं जिंकलो. दोघांचंही एकमत! नोव्हेंबरात विधानसभा झाली. संविधानाचा मुद्दा तोच, वस्त्या त्याच. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांना मिळून २३० जागा. जूनचं कारण नोव्हेंबरात कुठं गेलं? ज्यानं जूनमध्ये आकडे न बघता कारण सांगितलं त्यानं नोव्हेंबरात गप्प बसावं, एवढीच माझी अपेक्षा.

३. गप्प बसण्याची किंमत

डुकाकिस उत्तर देत नव्हता. त्याला वाटलं, लोक शहाणे आहेत, असला घाणेरडा प्रकार आपोआप खाली बसेल. आपल्या सुशिक्षित पुढाऱ्यांनाही असंच वाटतं. शेवटी त्यानं उत्तर दिलं ते काय? केंद्राच्या तुरुंगातूनही कैदी सुटतात हे दाखवण्यासाठी त्यानं एका हिस्पॅनिक गुन्हेगाराची गोष्ट जाहिरातीत घातली. म्हणजे काळ्या चेहऱ्याला उत्तर म्हणून दुसरा सावळा चेहरा! शिवी देणाऱ्याची शिवी मोडायची सोडून त्यानं ती दुसऱ्या गरिबाच्या अंगावर फेकली. हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत लाजिरवाणं वाटतं.

मग ऑक्टोबरच्या उत्तरार्धात जेसी जॅक्सन बोलला. हा काळ्यांचा पुढारी, किंगच्या चळवळीतून आलेला. तो उघड म्हणाला की ही वंशद्वेषाची जाहिरात आहे. तोपर्यंत बातम्यांत गुन्हेगारी, फर्लो, फाशी असले शब्द होते. वंश हा शब्द जवळपास नव्हताच.

टाली मेंडेलबर्ग ह्या बाईंनी २००१ साली ह्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं. गोऱ्या मतदाराच्या मनात द्वेषही असतो आणि आपण द्वेष्टे नाही असं मानायची हौसही असते. जाहिरात नाव न घेता द्वेषाला हात घालते तेव्हा तिची चलती. कुणी उठून नाव घेतलं की मतदार दचकतो आणि जाहिरातीची धार जाते. आकडेवारीनं त्यांनी दाखवलं की जॅक्सन बोलल्यावर हॉर्टनचा परिणाम ओसरला.

हे वाचून आपल्याला आनंद होतो. नाव घ्या, रोग बरा! पण २००६ साली ह्युबर आणि लॅपिन्स्की ह्या दोघांनी प्रयोग करून सांगितलं, की झाकून बोललेलं उघड बोललेल्यापेक्षा जास्त चालतं असं आम्हाला दिसत नाही. आणि २०१८ साली व्हॅलेंटिनो आणि त्याच्या साथीदारांनी लिहिलं, की आता उघड वंशद्वेषी बोललं तरी बरेच गोरे दचकत नाहीत. लाजच उरली नाही. ज्याला लाज आहे त्यालाच नाव घेऊन लाजवता येतं. बेशरम माणसाला नाव घेणं म्हणजे त्याची जाहिरात फुकट करणं. तेव्हा नाव घ्यायचं, पण कुणापुढं घेतोय हे बघून.

४. दोन हात आणि एक पत्र

१९९० साल. नॉर्थ कॅरोलायना राज्य, सिनेटची निवडणूक. एका बाजूला जेसी हेल्म्स, जुना वर्णवर्चस्ववादी. दुसऱ्या बाजूला हार्वी गँट. १९६३ साली कोर्टात लढून क्लेमसन कॉलेजात शिरलेला पहिला काळा विद्यार्थी, शिकून आर्किटेक्ट झाला, शार्लट शहराचा पहिला काळा महापौर. ऑक्टोबरातल्या काही चाचण्यांत गँट पुढं होता. प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत हेल्म्सनं एक जाहिरात लावली. पडद्यावर फक्त दोन गोरे हात. हातात नोकरी नाकारल्याचं पत्र. आवाज सांगतो, नोकरी तुला हवी होती, लायक तूच होतास, पण कोटा होता म्हणून ती अल्पसंख्याकाला द्यावी लागली. हात पत्र चुरगाळतात.

आता तारखा जुळवा. ७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोग लागू करतो म्हणून सांगितलं. इतर मागासांना २७ टक्के. दिल्लीच्या रस्त्यावर सवर्ण पोरांनी झाडू मारला, बुटाला पॉलिश केलं. मेरिट गेलं, आता आम्ही हेच करायचं का, असा त्याचा अर्थ. जे काम आपल्या आजीनं आयुष्यभर केलं ते त्यांनी एक दिवस नाटक म्हणून केलं आणि देशानं हळहळ केली. त्याच वर्षी, त्याच मोसमात, सात समुद्रापलीकडं ते गोरे हात. दोघांनी एकमेकांची नक्कल केली नाही. गरजच नव्हती. वरच्याला खाली यायची भीती वाटली की तो सगळीकडं एकच चित्र काढतो.

हेल्म्स साडेबावन्न टक्के मतं घेऊन जिंकला. हातांनी जिंकला का? गँट खरोखर पुढं होता की गोरे मतदार चाचणीवाल्यापुढं खोटं बोलत होते, हा पहिला प्रश्न. पण वेळ बघण्यासारखी आहे. टेक्सासमध्ये २००६ साली गव्हर्नरच्या निवडणुकीत अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कुठल्या भागात जाहिरात किती लावायची. ती जाहिरात बदनामीची नव्हती, साधी होती. तिचा परिणाम मोठा दिसला आणि आठवड्याभरात विरूनही गेला. जाहिरातीचा रंग कच्चा असतो. म्हणून हेल्म्सनं ती शेवटी लावली. आपल्याकडंही प्रचार थांबण्याच्या आदल्या रात्री पत्रकं का पडतात, ते ह्यावरून समजा.

आणि एक गोष्ट हातांच्या गोंगाटात लोक विसरतात. त्याच निवडणुकीत सुमारे सव्वा लाख पोस्टकार्डं पाठवली गेली, मुख्यतः काळ्या मतदारांना. पत्ता बदलला असेल तर मत देता येणार नाही, खोटं सांगितलं तर तुरुंगात जाल, अशा अर्थाची. पुढं केंद्राच्या न्याय खात्यानं खटला भरला, १९९२ साली तडजोडीचा हुकूम झाला. पण मत होऊन गेलं होतं. जाहिरात गोऱ्याचं मन तापवायला आणि पोस्टकार्ड काळ्याला घरी बसवायला. एका हातानं आग आणि दुसऱ्या हातानं पाणी. फक्त जाहिरात मोजणारा अभ्यासक अर्धाच हिशेब करतो.

आपल्या इतिहासात ह्याचा दाखला आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात बाबासाहेब साधारण साडेचौदा हजार मतांनी पडले. काजरोळकर आले. मतं कुजवण्याचा प्रचार झाला असा आरोप तेव्हा झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला, तो फेटाळला गेला. मत आपल्याकडं वळवणं हा एक प्रचार. समोरच्याचं मत मातीत घालणं हा दुसरा. दुसऱ्याला घोषणा लागत नाही, म्हणून तो इतिहासात कमी दिसतो.

५. अभ्यासक काय म्हणतात

२००७ साली लाउ, सिगेलमन आणि रोव्हनर ह्या तिघांनी शंभरावर अभ्यास एकत्र करून चाळले. निष्कर्ष काय? बदनामीचा प्रचार लक्षात जास्त राहतो. पण त्यानं मतं जास्त मिळतात असं सिद्ध होत नाही. उलट हल्ला करणाऱ्याबद्दलही लोकांचं मत थोडं उतरतं. २०२० साली कॉपॉक, हिल आणि व्हॅव्हरेक यांनी २०१६ च्या प्रचारातल्या ४९ जाहिराती ३४ हजार माणसांवर तपासल्या. परिणाम दिसला, पण अगदी थोडा. हल्ल्याची असो की कौतुकाची, फारसा फरक नाही.

म्हणजे जाहिरातवाले कोट्यवधी घेतात ते वाया? तसंही नाही. अटीतटीच्या जागी थोडासा परिणामही पुरतो. आणि हे सगळे अभ्यास एकच गोष्ट मोजतात, मतदाराचं मन. तिथंच माझा त्यांच्याशी झगडा आहे.

६. जे मोजलं गेलं नाही

हॉर्टनच्या जाहिरातीचा खरा परिणाम मतपेटीत शोधू नका. तो हरलेल्या पक्षाच्या पोटात शोधा. १९८८ नंतर डेमोक्रॅट पुढारी घाबरले. पुन्हा कुणी आपल्या गळ्यात हॉर्टन बांधू नये म्हणून आधीच कडक व्हायला लागले. जानेवारी १९९२ मध्ये बिल क्लिंटन अध्यक्षपदाच्या प्रचारात होता. तो प्रचार सोडून आपल्या अर्कान्सा राज्यात परतला. रिकी रे रेक्टर ह्या काळ्या कैद्याच्या मृत्युदंडाच्या वेळी गव्हर्नर हजर पाहिजे म्हणून. त्या कैद्याच्या मेंदूला इजा झालेली होती. १९९४ साली क्लिंटननंच गुन्हेगारीचा मोठा कायदा सही केला, राज्यांना तुरुंग बांधायला पैसे दिले. १९८८ साली अमेरिकेच्या तुरुंगात सहा लाखांवर माणसं होती. वीस वर्षांनी सोळा लाखांच्या आसपास. काळ्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट.

हे सगळं एका जाहिरातीनं झालं म्हणणं म्हणजे पहिल्या परिच्छेदातलंच वाक्य पुन्हा म्हणणं. ते मी म्हणत नाही. गुन्हे वाढले होते, अमली पदार्थांची लाट होती, कडक कायदे आधीपासून येत होते. पण दिशा बघा. शत्रूच्या जाहिरातीनं शत्रूला मतं किती मिळाली हा वाद चालू राहील. काळ्यांचा दोस्त म्हणवणारा पक्ष त्यांच्यापासून दोन पावलं सरकला हे मात्र कागदावर आहे.

आपल्याकडं हेच चालतं. ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो अशी बोंब उठली की आपल्या जवळचे म्हणवणारे पक्षसुद्धा जाहीरनाम्यात तो शब्द बारीक अक्षरात घालतात. आरक्षणावर हल्ला झाला की दोस्त म्हणतो, आत्ता हा विषय नको, निवडणूक होऊ द्या. आपलं मत त्याला हवं असतं, आपला चेहरा त्याला नको असतो. बदनामीचा दगड मारणारा मारतो समोरच्याला. लागतो तो आपल्याला. आणि वार झेलणारा पुढारी आपल्यालाच ढाल म्हणून पुढं करतो, नाहीतर ओझं म्हणून मागं टाकतो.

७. पुढच्या निवडणुकीत

तर तरुण दोस्तांनो, पुढच्या वेळी घोषणा द्या, पोस्टर लावा, पण खिशात एक वही ठेवा. वहीत एवढं लिहा. जाहिरात कुठल्या तारखेला आली आणि त्याआधी वस्तीचा कल काय होता. ती कुणासाठी होती : आपल्याला फोडायला, त्यांच्यातल्या कच्च्यांना पक्कं करायला, की आपल्या म्हातारीला बूथवर जाऊ न द्यायला. उत्तर किती तासांत दिलं आणि कुणी दिलं. उत्तर देताना दुसऱ्या एखाद्या गरीब जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या माणसावर तर ढकललं नाही ना. आणि शेवटचं, निकालानंतर वर्षभरात आपला दोस्त पक्ष आपल्या कुठल्या मागणीवर गप्प झाला.

शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. मतं तर एका दिवसात मोजून होतात. दोस्ताचं गप्प बसणं मोजायला पाच वर्षं लागतात, आणि ते मोजायला निवडणूक आयोग येणार नाही. ते आपल्यालाच मोजायचं आहे. शिका म्हणाले ना बाबासाहेब? मग हेही शिकू.

जय भीम.